शेवटच्या फेरीतला हक्क

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या स्टीलमेन संघाने कित्येक वर्षांत एकही करंडक जिंकला नव्हता, पण हक्क मात्र असे जमवले होते की बाकीच्या मॅनेजरांचे डोळे पांढरे व्हावेत. हक्क म्हणजे पोरं निवडायचे हक्क. दर जूनमध्ये लीगमधले सगळे आइस हॉकीचे संघ एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडून बसतात आणि पाळीपाळीने अठरा वर्षांच्या पोरांची नावं पुकारतात. याला ड्राफ्ट म्हणतात. ज्याने नाव पुकारलं, पोरगा त्याचा; फेरी जितकी आधीची, तितका हक्क महाग. आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, दुसऱ्याचा आपल्याला घेता येतो. यंदाचाही घेता येतो आणि तीन वर्षांनंतरचाही. नील ॲशकॉम जनरल मॅनेजर झाला आणि त्याने हाच धंदा लावला. गोलकीपर दिला, हक्क घेतले. कॅप्टन दिला, आणखी हक्क घेतले. कॅप्टनच्या बायकोने नुकतंच स्वयंपाकघर नवं करून घेतलंय, असं कुणीतरी हळहळून म्हणालं, तेव्हा नील म्हणाला, "बरं झालं, घराला भाव चांगला येईल." हॅमिल्टनचे लोक अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये बसून हरणारा संघ बघत होते आणि नील त्यांना सांगत होता, जरा दम धरा, माल येतोय.

तो माल ज्या वाटेने यायचा तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला ऑरेस्ट पलामार बसला होता. साठीला टेकलेला, अंगाने जाड, बायको गेल्यापासून मूस जॉमधल्या घरापेक्षा गाडीतच जास्त राहणारा. तो संघाचा स्काउट. हिवाळाभर सस्कॅचवानच्या बर्फाळ रस्त्यांवर गाडी हाकायची, गावोगावच्या रिंकवर थंडगार बाकांवर बसून पोरांचा खेळ बघायचा आणि आपला डोळा कुणावर आहे ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या संघाच्या स्काउटला कळू द्यायचं नाही, हे त्याचं काम. या लोकांची एक खोड असते. जो पोरगा मनात भरला त्याच्याबद्दल ते बोलत नाहीत आणि जो आवडला नाही त्याची तोंडभरून स्तुती करतात. ऑरेस्ट त्यात मुरलेला होता. पण केल्टन वीबला पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी तो मध्यंतरात पार्किंगमध्ये जाऊन एकटाच हसला होता.

केल्टन हॉफनफेल्डजवळच्या शेतावरचा पोरगा, बचावपटू. दिसायला काही खास नाही, पळायलाही वाऱ्यासारखा वगैरे नाही. पण चकती कुठे येणार हे त्याला आधी कळायचं आणि तो तिथे आधीच जाऊन उभा असायचा. नॉर्थ डकोटातल्या एका विद्यापीठाने त्याला बोलावणं धाडलं होतं, शिक्षण फुकट, हॉकीही खेळायची. त्या काळात नियम असा होता की कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये एक सामना खेळलात की अमेरिकन विद्यापीठाच्या संघाचं दार कायमचं बंद. वीबांच्या घरात त्यावरून आठवडाभर खल चालला होता आणि तेव्हा ऑरेस्ट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला.

"ज्युनियरमध्ये खेळव त्याला," तो केल्टनच्या बापाला, पीटला, म्हणाला. "तिथे आमच्या साहेबाला तो रोज दिसेल. अरे, आमच्याकडे इतके हक्क आहेत की टेबलावर मावत नाहीत. त्यातला एक ह्याचा, हे मी सांगतो."

केल्टनची आई ट्रूडी ऑरेस्टच्या ताटात वेरेनिके, म्हणजे चीज भरून उकडलेल्या करंज्या, वाढत होती. "खाताना दिलेला शब्द मोजत नाहीत आमच्यात," ती म्हणाली.

"मग खाऊन झाल्यावर परत देतो," ऑरेस्ट म्हणाला. "आणि याला पेरोहे म्हणतात, ट्रूडी. तुम्ही मेनोनाइट लोकांनी आम्हा युक्रेनी लोकांचंच चोरलंय."

सगळे हसले. वाईट एवढंच, की तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की जिथे धान्याची रास पडलीय तिथे एका दाण्याला कोण नाही म्हणेल. केल्टन ज्युनियरमध्ये उतरला आणि विद्यापीठाचं दार मिटलं. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये ऑरेस्टने नीलच्या कानाशी लागून, हट्ट करून, अगदी शेवटच्या फेरीत केल्टनचं नाव पुकारायला लावलं. हॉफनफेल्डच्या चर्चच्या तळघरात त्या रविवारी सगळ्या गावाने कॉफी प्यायली आणि रुबार्बचा केक, त्यांचा प्लाट्स, खाल्ला. ऑरेस्टला तर जावई असल्यासारखं वाढलं.

नाव पुकारलं जातं तेव्हा बांधला जातो तो पोरगा, संघ नव्हे. हे ऑरेस्टला पक्कं माहीत होतं, तरी त्याने ते त्या तळघरात कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं तो पोरगा त्या संघाचा. दुसऱ्या कुणी त्याच्याशी बोलायचंही नाही. दोन वर्षांच्या शेवटी, एक जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत, संघाने करार दिला तर दिला. नाहीतर पोराच्या हाती काही नाही. ज्याचं नाव कुणीच पुकारलं नाही तो मात्र मोकळा असतो, बोलावेल त्या दारी जाऊ शकतो. आणि करार तरी किती द्यायचे? एका संघाला पन्नासच ठेवता येतात. हक्क कितीही साठवा, त्याला मर्यादा नाही. पण हक्काचा पोरगा झाला की त्याला जागा लागते, आणि जागा पन्नासच.

दोन वर्षं संपत आली त्या एप्रिलमध्ये केल्टनचा उजवा खांदा निखळला. रिंकच्या कठड्यावर कुणीतरी त्याला चेंगरलं. त्याने तो तिथल्या तिथे बसवून घेतला आणि उरलेले सामने खेळला. काठी नेहमीपेक्षा खाली धरतोय हे एकट्या ऑरेस्टच्या लक्षात आलं. सामना संपल्यावर त्याने पोराला बसच्या मागे गाठलं.

"किती दुखतंय?"

"झोपताना दुखतं. आत काहीतरी सरकतं. डॉक्टरला दाखवू का?"

ऑरेस्टने इकडेतिकडे बघितलं. "सही होईपर्यंत दाखवू नकोस. कागदावर नाव लागलं की खांदा त्यांचा. मग देशातला सगळ्यात मोठा सर्जन तेच आणतील. तोवर घरीसुद्धा बोलू नकोस. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही."

हॉकीतला कुठलाही माणूस हेच म्हणाला असता. त्यांच्यात दुखणं लपवणं म्हणजे शहाणपण समजतात.

एक जूनच्या सकाळी ऑरेस्ट दाढी करत असताना नीलचा फोन आला.

"तुझा वीब. देऊ शकत नाही मी करार."

ऑरेस्टच्या अर्ध्या गालावर फेस तसाच राहिला. "एक जागा आहे की रे शिल्लक. परवा तूच म्हणालास."

"होती. काल रात्री टॅम्पिकोला घेतला."

"टॅम्पिको? त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. तो पुन्हा बर्फावर उतरणार नाही."

"उतरू नकोच दे. त्याचा करार त्याच्या संघाला नकोसा झाला होता. मी माझ्या गळ्यात घेतला, बदल्यात दुसऱ्या फेरीचा हक्क मिळाला. तीन वर्षांनंतरचा. ऑरेस्ट, दुसऱ्या फेरीचा!"

ऑरेस्टने मनातल्या मनात हिशेब केला. तीन वर्षांनी अठराचा होणारा पोरगा आज पंधराचा. त्याला अजून धड मिसरूडही फुटलेली नाही. तो कुठल्या गावात आहे, कुणालाच माहीत नाही, आणि केल्टनची जागा त्याने घेतली.

"नील, हा पोरगा तयार आहे. तो अजून जन्माला..." ऑरेस्ट अडखळला. "तो अजून कुणीच नाही."

"म्हणूनच तर तो जास्त किमतीचा. हक्काला दुखापत होत नाही. हक्काचा बाप फोन करत नाही. हक्काला एकदा पोराचं नाव लागलं की भाव उतरायला लागतो, हे तू माझ्याहून जास्त बघितलंयस." मग तो जरा मऊ झाला. "ऐक. अजून सगळं गेलेलं नाही. मॅडिसनच्या संघाला तो हवाय. आजच्या आज सही करून घ्यायला तयार आहेत. शेवटच्या फेरीचा हक्क देतायत. मी चौथ्या फेरीचा मागितलाय."

"देऊन टाक ना मग."

"घाई त्यांना आहे, मला नाही. तू पोराला फोनजवळ बसव. आणि आपल्याकडे जागा नाही हे तोंडातून काढू नकोस. बाहेर गेलं तर मॅडिसनवाले हात आखडतील."

ऑरेस्टने उरलेली दाढी केलीच नाही. हॅमिल्टनचे पाच म्हणजे सस्कॅचवानचे तीन. त्याने गाडी काढली. वाटेत दोन्ही बाजूंना पेरण्या संपत आल्या होत्या, ट्रॅक्टरमागे धुळीचे लोट चालले होते आणि ऑरेस्ट स्वतःशी ठरवत होता की काही सांगायचं नाही, नुसतं बसायचं. मॅडिसनवाल्यांना खांद्याचं माहीत नव्हतं आणि तोही सांगणार नव्हता. पाप असेल तर असू दे, ते आपल्या नावावर. पोराची सही व्हायला हवी.

वीबांच्या दारात ट्रूडीने त्याचा अर्धा दाढी केलेला चेहरा बघितला आणि ती बाजूला झाली. पीट शेतावरून जेवायला आला होता. केल्टन टेबलाशी बसून डाव्या हाताने सूप पीत होता. खायला सॉसेज होतं, पाव होता, आणि तिघांच्याही चेहऱ्यांवर नवा शर्ट घातल्यासारखा आनंद होता. ऑरेस्टने दोन घास घेतले आणि ताट बाजूला केलं. नीलने बजावलेलं सगळं विसरून तो बोलून मोकळा झाला. जागा कशी गेली, कुणाला गेली, मॅडिसनवाले काय म्हणतायत, सगळं सांगितलं. फक्त खांद्याचं सोडून.

"माझ्या जागी कोण घेतला म्हणालात?" केल्टनने विचारलं.

"एक जण, जो खेळणार नाही. आणि एक जण, जो अजून कोण ते ठरलेलं नाही."

"तो कुठला आहे?"

"कुणाला माहीत. पंधरा वर्षांचा असेल कुठेतरी."

केल्टन हसला. खरंच हसला. "शाळेत असेल बिचारा. त्याला सांगा, सावध राहा म्हणावं."

पीटने ताट दूर सारलं. तो मोजकंच बोलणारा माणूस. "तुझ्या साहेबाने कधी शेती केलीय?"

"नाही."

"वाटलंच. नुसतं बियाणं साठवतोय. कोठार भरलं की त्याला वाटतं पीक आलं."

अडीचच्या सुमाराला ऑरेस्टचा फोन वाजला. तो अंगणात गेला. नीलचा आवाज मजेत होता. "पाचव्या फेरीवर आले. येतील चौथ्यावर."

"नील, दे पाचव्यावर. नव्हे, शेवटच्यावर दे. फुकट दे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

"मग आज कशाला सुरुवात करतोस? हे बघ, आज मी वाकलो तर पुढच्या वर्षी सगळे शेवटच्या तासाला येऊन हात पसरतील. एका पोरासाठी बाजार बिघडवायचा का?"

"हॉल भरून हक्क आहेत तुझ्याकडे. एका फेरीचा फरक. काय करणार आहेस त्याचं?"

"ते मला आज कसं माहीत असणार? हक्काची गंमतच ती आहे. घरात जा, कॉफी पी."

ऑरेस्ट घरात गेला. ट्रूडीने कॉफी ओतली, पण कुणी प्यालं नाही. पीट शेतावर परत गेला नाही; बाहेर ट्रॅक्टर उन्हात उभा होता आणि पेरणीच्या दिवसांत त्या घरात असं कधी झालं नव्हतं. केल्टनने आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि एकमेकांकडे बघणं टाळत होते. ऑरेस्टच्या मनात आलं, आपणच मॅडिसनला फोन करावा. पण काय सांगायचं? हॅमिल्टनला नकोय म्हटलं तर ते म्हणतील मग थांबतो, पाचनंतर तो तसाही सुटेल. पोराची सगळी गाडी दोन माणसांच्या अडेलतट्टूपणावर अडकली होती आणि त्यातल्या एकाचा पगार ऑरेस्ट खात होता.

तीन वाजून गेले. फोन ऑरेस्टचाच वाजला.

"नाही जमलं," नील म्हणाला. "त्यांनी फोन ठेवून दिला. मूर्ख लोक. वाईट वाटतं रे, पण आपला भाव टिकला."

ऑरेस्टने फोन खिशात टाकला. त्याने नकारार्थी मान हलवली.

केल्टनने खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे आता डॉक्टरला दाखवलं तरी चालेल," तो म्हणाला.

"कसला डॉक्टर?" ट्रूडीने विचारलं.

पोराने शर्टाची बटणं डाव्या हाताने काढली. उजवा खांदा पुढे आणि खाली आला होता, दंड डाव्यापेक्षा बारीक झाला होता. हात वर न्यायला गेला तर छातीपर्यंत येऊन थांबला. ट्रूडी जवळ गेली, तिने बोटांनी खांदा चाचपला.

"कधीपासून?"

"एप्रिल."

ती ऑरेस्टकडे वळली. "तुला माहीत होतं."

"होतं."

"गप्प राहा असं तूच सांगितलंस."

"हो."

"आमची गाय लंगडली तरी त्याच दिवशी डॉक्टर येतो, ऑरेस्ट," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू आता जा."

पीट त्याला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याने हात पुढे केला नाही, शिवीही दिली नाही. नुसता गाडीच्या छतावर तळवा ठेवून उभा राहिला आणि मग ट्रॅक्टरकडे चालत गेला. मूस जॉच्या वाटेवर ऑरेस्टने गाडी बाजूला घेतली आणि तो रडला. बायकोच्या वेळीही तो असा रडला नव्हता.

रेजायनाच्या सर्जनने खांदा उघडला. लगेच आला असतात तर, असं म्हणून त्याने वाक्य अर्धंच सोडलं. हात कामापुरता चालेल, म्हणाला, शेतावरचं सगळं करता येईल. हॉकीचं वर्षभराने बघू, वचन देत नाही. ही बातमी चार दिवसांत सगळ्या संघांकडे पोचली, कारण या लोकांच्यात आपलं गुपित तेवढं टिकतं, दुसऱ्याचं नाही.

जूनच्या शेवटी मॉन्ट्रियलला ड्राफ्ट भरला. करार न मिळालेल्या पोरांची नावं पुन्हा यादीत येतात, तसं केल्टनचंही आलं होतं. इथेही कुणी त्याचं नाव पुकारलं नाही तर तो कायमचा मोकळा होणार होता. हॅमिल्टनचं टेबल सगळ्यात मोठं. नीलने दिवसभर नावं पुकारली, काही हक्क विकले, काही नवे घेतले आणि शेवटच्या फेरीत तो ऑरेस्टच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याने ऑरेस्टच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा घे तुझ्यासाठी. शेवटचा आहे. तुझ्या वीबचं नाव पुकार."

ऑरेस्टने वर बघितलं.

"खरंच म्हणतोय. आपल्याला काय पडतं? दोन वर्षं आपल्याकडे राहील. बरा झाला तर बघू, नाही झाला तर नाही. घरच्यांनाही बरं वाटेल. बघत असतील ना टीव्हीवर?"

बघत होते. ऑरेस्टला ते स्वयंपाकघर दिसत होतं. आपण आता ते नाव उच्चारलं की ट्रूडी तोंडावर हात ठेवेल, पीट उठून उभा राहील, गाव पुन्हा तळघरात कॉफी पिईल, आणि आपल्याला पुन्हा त्या दारातून आत घेतील. आणि मग दोन वर्षं तो पोरगा पुन्हा नीलच्या खणात पडून राहील, बरा झाला तरी नीलने म्हटल्याशिवाय कुठे जाता येणार नाही, आणि दुसऱ्या एक जूनला नीलला आणखी कुणाचा तरी हक्क दिसेल. ऑरेस्टने समोरच्या पेल्यातलं पाणी संपवलं.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"माझ्या यादीत तो नाही."

"अरे, फोनवर भीक मागत होतास."

"आज नाही मागत. दुसरं कुणी नाव पण नाही माझ्याकडे."

नीलने खांदे उडवले. शेजारच्या टेबलाकडे वाकून तो काहीतरी बोलला, तिकडून कुणीतरी मान डोलावली. शेवटच्या फेरीचा तो हक्क पुढच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या हक्काने बदलला गेला. नील खुशीत परत आला. "पुढच्या वर्षीचे पोरगे चांगले आहेत म्हणतात," तो म्हणाला.

केल्टनचं नाव दुसऱ्याही कुणी पुकारलं नाही. हॉलमधल्या खुर्च्या उचलायला लागले तेव्हा ऑरेस्ट बाहेरच्या पायऱ्यांवर आला आणि त्याने वीबांच्या घरी फोन लावला. पीट किंवा ट्रूडी उचलतील म्हणून त्याने मनाची तयारी केली होती. केल्टनने उचलला.

"टीव्हीत दिसलात तुम्ही," तो म्हणाला. "शेवटचा नंबर हॅमिल्टनचा होता."

"होता."

"साहेब तुमच्याशी बोलत होता. आई म्हणाली, आता ऑरेस्ट नाव घेणार. बाबा उठून उभे राहिले होते."

ऑरेस्टने पायरीवर बसून घेतलं. "मीच नको म्हणालो. तू आता मोकळा आहेस, केल्टन. खांदा बरा झाला की कुठल्याही दारात जा, कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुन्हा त्याच्या ताब्यात द्यायचं नव्हतं मला तुला. तुझ्या भल्याचंच बघितलं मी."

पलीकडे मागे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"आधीही भल्याचंच बघितलंत," केल्टन म्हणाला. "विद्यापीठाच्या वेळी. खांद्याच्या वेळी." तो रागावलेला वाटत नव्हता, दमलेला वाटत होता. "मी इथे फोनजवळच बसलो होतो, ऑरेस्ट. मला विचारायचं होतंत."